संजीवनी आणि सल्ला : खानदेशातील प्रकल्प-वाङ्मयाचे एक वाचन

मराठी समीक्षेने कथा, कविता, कादंबरी आणि नाटक यांचे भरपूर वाचन केले. दलित आत्मकथनांनी तिला नवे प्रश्न विचारायला लावले, तेव्हा तिने आपली मापेही बदलली. मात्र गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील माणसाच्या शेतात, विहिरीत आणि रानात थेट उतरणारे जे गद्य लिहिले गेले, त्याकडे समीक्षेने पाहिलेले नाही. हे गद्य प्रकल्प अहवालांचे आहे. त्यात हवामान बदलाशी जुळवून घेण्याचे आराखडे येतात, जैवविविधतेच्या नोंदवह्या येतात, पाणलोटाची सूक्ष्म नियोजने आणि सल्लागारांनी केलेली मूल्यमापने येतात. हे लिहिणारे बहुधा बाहेरगावचे असतात आणि ते मंजूर करणारे त्याहून दूरचे. ज्यांच्याविषयी ते लिहिले जाते, त्यांच्या हाती ते क्वचितच पडते.

मी साहित्याचा अभ्यासक आहे. भूजल किंवा पक्षिशास्त्र हा माझा प्रांत नाही. तरीही अशा काही अहवालांचे मराठी रूप वाचण्याचा योग आला आणि एक गोष्ट लक्षात आली. या मजकुराचे बरेवाईट त्यातल्या आकड्यांइतकेच त्याच्या वाक्यरचनेवरही अवलंबून असते. म्हणून प्रस्तुत लेखात मी हे वाङ्मय वाङ्मय म्हणूनच वाचणार आहे. त्यातली नावे, कर्ता, क्रियापद, पुरावा आणि मौन यांकडे पाहणार आहे. सल्ला देणे वाईट, असे मला म्हणायचे नाही. ज्या भूमीत पाऊस वर्षाआड दगा देतो तिथे जाणत्याचा सल्ला लागतोच. प्रश्न एवढाच आहे की सल्ल्याचा मजकूर कसा असला म्हणजे तो ज्याला दिला त्याच्या कामाचा ठरतो.

नावातली संजीवनी

नावापासून सुरुवात करू. फेब्रुवारी २०१८ मध्ये जागतिक बँकेने महाराष्ट्राच्या एका शेती प्रकल्पासाठी ४२ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो गावोगाव ‘पोकरा’ म्हणून ओळखला जातो. पंधरा जिल्हे आणि सुमारे पाच हजार गावे हा त्याचा पहिला व्याप. मराठवाड्याचे आठही जिल्हे, विदर्भातले सहा आणि खानदेशातला एकटा जळगाव. इंग्रजी नावात हवामान आहे आणि तग धरण्याची कल्पनाही आहे. मराठीत तोच प्रकल्प ‘नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प’ झाला. हवामान गेले आणि संजीवनी आली.

हा केवळ भाषांतराचा प्रश्न नाही. ‘तग धरणे’ ही क्रिया ज्याची त्याने करायची असते. ती दुसऱ्याला करून देता येत नाही. ‘संजीवनी’ मात्र कोणीतरी आणून द्यायची वस्तू आहे. ती ज्याला दिली जाते तो मूर्च्छित पडलेला असतो. एका शब्दाच्या बदलाने शेतकरी उभा होता तो आडवा झाला.

रामायणातली ही कथा इथे पूर्ण आठवावी, कारण सल्ल्याविषयी इतकी नेमकी कथा दुसरी नाही. वैद्याने वनस्पतीचे नाव सांगितले. मारुती पर्वतावर पोचला, पण त्याला ती वनस्पती ओळखता आली नाही, म्हणून त्याने सगळा पर्वतच उचलून आणला. आपण या कथेत मारुतीचे सामर्थ्य पाहतो. अभ्यासकाने त्यातली अडचणही पाहावी. ज्याला ठाऊक होते तो जागेवर गेला नाही आणि जो गेला त्याला ठाऊक नव्हते. पर्वतावर राहणाऱ्या कोणाला विचारावे, हे दोघांनाही सुचले नाही. त्याची भरपाई प्रचंड खर्चाने झाली. आपल्याकडच्या कित्येक योजनांचा खर्च असाच, वनस्पती न ओळखण्याचा खर्च आहे.

कर्ता नसलेले वाक्य

अहवालांच्या मराठीचे सर्वांत ठळक लक्षण म्हणजे कर्मणी आणि भावे प्रयोगांची गर्दी. ‘जलसंधारणाची कामे हाती घेण्यात येतील’, ‘क्षमताबांधणी करण्यात येईल’, ‘लोकसहभाग मिळवण्यात येईल’ अशा घाटाची वाक्ये पानोपान भेटतात. कोण हाती घेईल, कोणाची क्षमता कोण बांधील, सहभाग कोणाकडून कोण मिळवील, यांतले काहीच वाक्यात नसते. कार्यालयीन मराठीची ही जुनी सवय आहे, हे खरे. परंतु कार्यालयीन पत्रात ती फार तर कंटाळवाणी वाटते. सल्ल्यात ती धोक्याची असते, कारण काम फसले तर जबाबदार धरायला वाक्यात माणूसच सापडत नाही.

या व्याकरणाला एक आंतरराष्ट्रीय घाट आहे. अमेरिकेच्या परदेशी मदत खात्यासाठी १९६९ मध्ये प्रकल्पांची एक तार्किक चौकट तयार करण्यात आली. उद्दिष्टे, निष्पत्ती आणि कामे एकाखाली एक. शेजारी मोजमापे, पुरावे आणि शेवटच्या स्तंभात गृहीतके. गेल्या अर्धशतकात आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतले असंख्य प्रकल्प या चौकटीत लिहिले गेले. तिचा उपयोग आहे. विचारातला ढिसाळपणा ती उघडा पाडते. पण तिचा शेवटचा स्तंभ खानदेशात बसून वाचला की विलक्षण वाटतो. पाऊस, बाजारभाव, विजेचा पुरवठा, अधिकाऱ्याची बदली, गावातली भाऊबंदकी ही सगळी मंडळी त्या स्तंभात जाऊन बसतात. म्हणजे आमचे जगणे ज्याला म्हणतात, ते तिथे गृहीतक असते. कादंबरीकार जिथून सुरुवात करील, तिथे अहवालाचे पान संपते.

या गद्याचा दुसरा शब्द ‘लाभार्थी’. व्युत्पत्तीने तो लाभाची इच्छा धरणारा. शेतकरी, मजूर, मेंढपाळ, वनवासी, भाजीवाली या सगळ्यांची निरनिराळी कामे आणि निरनिराळी ज्ञाने या एका शब्दात विरघळतात. पोकराच्या रचनेत गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडण्याची, गाव समितीने नियोजन करण्याची सोय होती. मुंबईच्या आयआयटीने ताळेबंदाचे साधन त्यासाठी घडवले. ही त्या प्रकल्पाची जमेची बाजू आहे आणि ती मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. पण त्याच रचनेत ठिबक, शेततळे, फळबाग, शेडनेट अशा वैयक्तिक बाबींच्या अनुदानाची यादीही होती. गावाचा ताळेबंद ‘आपण’ या सर्वनामात मांडायचा असतो आणि अनुदानाचा अर्ज ‘मी’ या सर्वनामात भरायचा असतो. एकाच प्रकल्पात ही दोन व्याकरणे शेजारी शेजारी नांदतात, आणि कोणते व्याकरण माणसाला जास्त ओढील हे सांगायला भाषातज्ज्ञ नको.

अस्तर टाकलेल्या शेततळ्याचे उदाहरण घ्या. कागदावर ते पावसाचे पाणी साठवते. राज्यात अनेक ठिकाणी ते विहिरीतून किंवा कूपनलिकेतून उपसून भरले जाते, हे अभ्यासकांनी वारंवार दाखवले आहे. मग सर्वांच्या मालकीचे भूजल एकाच्या तळ्यात जाते आणि उन्हात वाफ होऊन उडते. हवामान परिषदांच्या भाषेत याला चुकीचे अनुकूलन म्हणतात. घरच्या भाषेत सांगायचे तर, एकाने छत्री उघडली आणि तिचे पाणी शेजाऱ्याच्या अंगावर ओघळले.

नकाशाबाहेरचा जिल्हा

मौनाचे एक उदाहरण इथेच नोंदवतो. राज्याच्या हवामान बदल कृती आराखड्यासाठी ‘टेरी’ या संस्थेने केलेला अभ्यास २०१४ मध्ये आला. त्यात जिल्ह्यांची असुरक्षितता मोजली होती. नंदुरबार सर्वांत असुरक्षित ठरला आणि त्याच्या पाठोपाठच्या जिल्ह्यांत धुळे होता. चार वर्षांनी पोकराचे पंधरा जिल्हे ठरले तेव्हा त्यात नंदुरबार नव्हता आणि धुळेही नव्हता. निवडीमागे मराठवाडा-विदर्भातला दुष्काळ, शेतकऱ्यांच्या आत्महत्या आणि पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा यांचा विचार होता, आणि तो विचार खोटा नव्हता. परंतु दोन सल्ले एकमेकांशी बोललेच नाहीत. एकाने ज्याच्याकडे बोट दाखवले, त्याच्याकडे दुसऱ्याने पाहिले नाही. समीक्षेत आपण एका लेखकाच्या दोन पुस्तकांतली विसंगती शोधतो. राज्याच्या दप्तरातल्या दोन अहवालांची अशी तुलना करणारा वाचक नसेल, तर साक्री किंवा शिंदखेडा तालुक्यातल्या माणसाने आपण नकाशाबाहेर का राहिलो हे कोणाला विचारायचे?

फडाचे व्याकरण

आता दुसऱ्या प्रकारचा मजकूर पाहू, जो बहुतांशी कधी लिहिलाच गेला नाही. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर शेकडो वर्षांपासून फड पद्धत चालत आली. नदीवर लहान बंधारा, त्यातून पाट, आणि बंधाऱ्याखालचे भिजणारे क्षेत्र सामान्यतः तीन-चार फडांत विभागलेले. एका फडात एका हंगामाला एकच पीक, आणि पुढे फेरपालट. कोणत्या फडाला कोणते पीक, हे एकटा शेतकरी ठरवत नसे. सगळे मिळून ठरवत. पाणी कमी असेल त्या वर्षी कमी फड भिजत. मात्र शेतकऱ्यांच्या जमिनी निरनिराळ्या फडांत विखुरलेल्या असल्याने एखाद्याचेच सगळे बुडे, असे होत नसे.

या व्यवस्थेत प्रत्येक क्रियापदाला कर्ता आहे. पाटाची देखभाल पाटकरी करी, पाण्याची पाळी बारेकरी देई, उभ्या पिकाची राखण जागल्या करी आणि या सर्वांवर हवालदार लक्ष ठेवी. त्यांचा मोबदला शेतकरी देत. पाळी चुकली तर कोणाला जाब विचारायचा, हे शेंबड्या पोराला ठाऊक असे. हवामान बदलाचा शब्द जन्मण्याआधी अनिश्चित पावसाशी जुळवून घेण्याचे हे शास्त्र होते, आणि त्याचे वाक्य कर्तरी प्रयोगात होते.

मात्र फडाची आरती ओवाळण्यात अर्थ नाही. पाण्याचा हक्क जमिनीला बांधलेला होता. ज्याला जमीन नाही त्याला फडात जागा मजुराचीच. शिवाय नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींवर इंजिने आणि पुढे विजेचे पंप बसले, ज्याला त्याला आपले पीक आपण निवडावेसे वाटू लागले. आणि फड ठिकठिकाणी ढासळले. यात बाहेरच्या सल्ल्याचा वाटा आहे तसा आतल्या इच्छेचाही आहे. जळगावच्या केळीविषयी हेच म्हणता येईल. २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले आणि ते योग्यच होते. पण रावेर आणि यावल या केळीच्या तालुक्यांची नोंद सरकारी भूजल मूल्यांकनांत अतिउपशासाठी होत आली, तो उपसा कोणी परदेशी सल्लागाराने करवलेला नाही. सातपुड्याच्या पायथ्याचा गाळाचा आणि दगडगोट्यांचा पट्टा पाणी मुरवण्यात एरवी उदार. त्या उदारपणावर आपणच हात मारला.

यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांनी मराठी समीक्षेला देशीवादाची दृष्टी दिली. प्रकल्प-वाङ्मय वाचताना ती फार उपयोगी पडते, कारण बाहेरून आलेली मापे इथल्या वास्तवाला कशी आखूड पडतात हे तिने आपल्याला पाहायला शिकवले. पण फड आणि केळी यांची उदाहरणे शेजारी ठेवली की त्या दृष्टीला एक पुरवणी जोडावी लागते. देशी असणे ही पात्रतेची सुरुवात आहे, निकाल नव्हे. देशी व्यवस्थेलाही आपण तोच प्रश्न विचारायला हवा जो जागतिक बँकेला विचारतो : पाणी कमी पडेल तेव्हा कोणाचे आधी तुटेल?

शिरपूरचा सल्ला आणि त्याच्या नकला

सल्ला जागेवर जन्मला आणि जागा सोडून फिरला की काय होते, याचे उदाहरण धुळे जिल्ह्यातच आहे. शिरपूर तालुक्यात २००४ च्या सुमारास भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली आणि अमरीशभाई पटेल यांच्या पुढाकाराने नाले रुंद आणि खोल करून त्यांवर बंधारे घालण्याचे काम सुरू झाले. तापीकाठच्या गाळाच्या भूस्तरात वरचा चिकणमातीचा थर पाणी खाली जाऊ देत नाही. तो भेदला तर खालच्या वाळू-गोट्यांच्या थरात पाणी मुरते. हा तर्क त्या भूमीच्या वाचनातून आला होता. विहिरींना पाणी आले आणि ‘शिरपूर पॅटर्न’ हा शब्द राज्यभर गेला.

‘पॅटर्न’ या शब्दापाशी थांबावे. शिवणकामात पॅटर्न म्हणजे कापडावर ठेवून कापायचा कागद. कापड कोणतेही असो. भूगर्भाचे कापड मात्र एक नाही. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा. तिथे वरचा मुरमाचा, झिजलेल्या खडकाचा थर हाच पाणी धरतो. तो खणून काढला तर मुरवण्याऐवजी साठवणीची जागाच जाते, आणि खालच्या अखंड खडकावर पाणी नुसते उघडे पडून राहते. डिसेंबर २०१४ पासून सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात नाला खोलीकरणाची लाट आली तेव्हा अनेक जलतज्ज्ञांनी हा इशारा दिला होता. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२० मधील अहवालाने तर नऊ हजार सहाशे कोटी रुपयांहून अधिक खर्च होऊनही भूजल पातळीवर फारसा परिणाम झाला नसल्याचे नोंदवले.

शिरपूरचा सल्ला यात खोटा पडला नाही. त्यातली एक अट गळाली. मूळ सल्ला ‘अमुक भूस्तर असेल तर’ असा संकेतार्थी होता. नकलेत त्याचा आज्ञार्थ झाला : खोदा. साहित्यात आपण अनुकरणाला हिणवतो ते नवेपणाच्या हौसेने नव्हे. अनुकरणात रूप येते आणि कारण मागे राहते, म्हणून.

हा धडा आजचाही आहे. मे २०२५ मध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्यात तापी खोऱ्यातल्या मेगा रिचार्ज प्रकल्पाविषयी करार झाला. सातपुड्याच्या पायथ्याच्या त्याच उदार पट्ट्यात पाणी मुरवण्याची ही योजना आहे, आणि तिचा भूशास्त्रीय आधार जुना व विचार करण्यासारखा आहे. पण मुरलेले पाणी उपसायचे कोणी, किती आणि कोणत्या पिकासाठी, याचा कर्ता तिच्या मजकुरात कुठे येतो, हे खानदेशातल्या प्रत्येक वाचकाने शोधले पाहिजे. पुनर्भरणाचे वाक्य उपशाच्या वाक्याशिवाय अर्धेच असते.

पिंगळ्याची नोंद

जैवविविधतेच्या बाबतीत पुराव्याचा प्रश्न आणखी नाजूक होतो. इथे सातपुड्याच्या एका लहान घुबडाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. रानपिंगळा या पक्ष्याचे वर्णन ह्यूमने १८७३ मध्ये केले. खानदेशात अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसनने १८८० च्या दशकात शहादा परिसरातून त्याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर खात्रीचा नमुना नाही. मध्ये रिचर्ड माइनर्ट्‌झहागन या इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेतल्या मांडवीजवळ तो मिळाल्याचे सांगितले, आणि त्या नोंदीवर विसंबून शोध होत राहिले. पुढे पामेला रासमुसेन यांच्या तपासात उघड झाले की तो नमुना संग्रहालयातून चोरलेला, मूळ डेव्हिडसनचाच होता; नवी चिठ्ठी तेवढी लावली होती. खोटी नोंद बाजूला ठेवून खऱ्या नोंदींच्या मागावर रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट निघाले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, रानपिंगळा दिसला. एकशे तेरा वर्षांनी. नंतर तो यावल अभयारण्यासह आणखी काही ठिकाणी आढळला. २०१८ मध्ये जागतिक यादीत त्याची श्रेणी ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ अशी सुधारली.

मला या हकिगतीत संशोधन-पद्धतीचा मोठा पाठ दिसतो. प्रामाणिकपणे लिहिलेले ठिकाणाचे नाव शंभर वर्षांनीही वाट दाखवते, आणि खोटी चिठ्ठी तितकीच वर्षे वाट चुकवते. संवर्धनाचा सल्ला शेवटी नोंदीवर उभा असतो.

म्हणून लोक-जैवविविधता नोंदवह्यांचे काय झाले, हे विचारावे लागते. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेची समिती आणि तिने लोकांना विचारून केलेली नोंदवही अपेक्षिली. माधव गाडगीळ यांच्यासारख्यांनी या कल्पनेचा पाया घातला होता. पण पहिल्या दीड दशकात देशभरात फार थोड्या नोंदवह्या झाल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि चुकणाऱ्या राज्यांना महिन्याला दहा लाख रुपये भरण्याची ताकीद दिली. मग आकडा झपाट्याने लाखांवर गेला. घाईत भरलेल्या या नोंदवह्यांच्या दर्जाविषयी देशभरातल्या अभ्यासकांनी शंका उपस्थित केल्या आहेत.

वाचक म्हणून माझी कसोटी साधी आहे : नोंदवहीत कोणाची भाषा आहे? खानदेशात अहिराणी बोलली जाते, लेवा गणबोली बोलली जाते. सातपुड्यात पावरी आणि भिली, साक्रीच्या पश्चिमेला कोकणी. एकाच झाडाला या प्रत्येक बोलीत नाव असते आणि त्या नावात बहुधा त्याचा उपयोग, ऋतू किंवा धोका दडलेला असतो. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी शाळेत गेल्या नव्हत्या, तरी त्यांच्या कवितेतून शेताची जी माहिती मिळते ती त्यांच्या बोलीमुळे मिळते. प्रमाण मराठीत ती तशीच आली नसती. ज्या नोंदवहीत शास्त्रीय नाव आणि प्रमाण मराठी नाव आहे पण गावाचे नाव नाही, तिच्यात लोक नाहीत. तिच्यावर नवी चिठ्ठी लावली आहे, एवढेच.

बारीपाडा : लेखकाच्या जागी गाव

साक्री तालुक्यात गुजरातच्या सीमेलगत बारीपाडा हे कोकणा आदिवासींचे लहान गाव आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने भोवतालचे उजाड झालेले रान राखायला घेतले. वनवासी कल्याण आश्रमाची साथ त्यांना होती. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी झाली, राखण करणारे नेमले, मोडणाऱ्याला दंड बसला. आज सुमारे साडेचारशे हेक्टर रान उभे आहे. २००४ पासून तिथे वनभाजी महोत्सव भरतो. बायका रानातून आणलेल्या भाज्या रांधून मांडतात. २०२५ मध्ये चैत्राम पवार यांना पद्मश्री मिळाली.

बारीपाड्याचे कौतुक पुष्कळ झाले आहे. मला त्याच्या मजकुराविषयी बोलायचे आहे. गावाचे नियम थोडे आहेत, ते सगळ्यांना पाठ आहेत आणि त्यांत कर्ता हजर आहे. शिवाय मोजमाप अहवालात नसून ताटात आहे. टाकळा, कुर्डू, चाई यांसारखी भाजी ओळखणारी बाई पर्वत उचलायला निघत नाही. तिला वनस्पती ठाऊक असते. महोत्सव ही बोलून, रांधून आणि वाढून ठेवलेली जैवविविधता नोंदवहीच आहे, आणि ती दरवर्षी नव्याने लिहावी लागते.

इथेही प्रश्न उरतात. एका माणसाच्या नावाभोवती उभे राहिलेले काम त्याच्यानंतर कसे चालेल? शेजारच्या पाड्यांना हे का जमत नाही किंवा उशिरा का जमते? २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला दिला. तो हक्क कागदावर मिळालेली आणि न मिळालेली गावे यांत काय फरक पडतो? बारीपाड्याला ‘पॅटर्न’ करून टाकले की हे प्रश्न बुजतात. शिरपूरचे झाले तेच इथे व्हायला नको.

तीन प्रश्न आणि एक दप्तर

या वाचनातून मला कोणत्याही सल्ल्याला विचारण्यासारखे तीन प्रश्न मिळाले. पहिला व्याकरणाचा : वाक्याचा कर्ता कोण आहे, आणि तो उद्या गावात सापडेल का? दुसरा पुराव्याचा : ही नोंद कोणत्या जागेवरची, कोणाच्या तोंडची आणि कोणत्या अटीवर खरी आहे? तिसरा नैतिक : सल्ला चुकला तर किंमत कोण मोजील? सल्लागाराचा करार दोन-तीन वर्षांत संपतो. शेतकऱ्याची कूपनलिका कोरडी पडली की तिचे कर्ज त्याहून लांब चालते. या दोन मुदतींमधल्या अंतरातच खानदेशाचा हवामान प्रश्न आहे, असे मला वाटते.

हे प्रश्न विचारण्यासाठी मजकूर हाती हवा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यात वारले. त्यांच्या नावाची संशोधन संस्था त्याच गावात आहे. वाड्यांच्या माळ्यांवर आणि बोळकांडीत पडलेले कागद हाच इतिहासाचा आधार, हे त्यांनी महाराष्ट्राला पटवून दिले. आपल्या काळाचे कागद वाड्यांत नाहीत. ते तालुक्याच्या कार्यालयात, सल्लागार कंपन्यांच्या संगणकांत आणि बदलून गेलेल्या अधिकाऱ्यांच्या कपाटांत आहेत. प्रकल्प संपला की संकेतस्थळ बंद पडते आणि अहवाल नाहीसा होतो. पुढचा सल्लागार पहिल्यापासून सुरुवात करतो आणि तीच चूक नव्या पानावर उतरते.

म्हणून माझी सूचना अशी : जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांच्या मराठी, भूगोल आणि वनस्पतिशास्त्र विभागांनी मिळून या अहवालांचे दप्तर जमवावे. आराखडे, नोंदवह्या, मूल्यमापने, गावाचे पाण्याचे ताळेबंद असे सगळे. प्रत्येक कागदाबरोबर तो ज्या गावाविषयी आहे तिथल्या दोन-चार माणसांकडून एक पान लिहून घ्यावे : यातले काय झाले, काय झाले नाही, आणि त्यांच्या बोलीत त्या नाल्याला, टेकडीला, भाजीला काय म्हणतात. यासाठी जागतिक बँकेचे कर्ज लागत नाही. एखादा प्राध्यापक, काही विद्यार्थी आणि त्यांना घेऊन जाणारी एस.टी. पुरते. पुढच्या वेळी कोणी संजीवनी घेऊन आले, तर तिचे नाव तपासून पाहायला निदान आपल्याकडे वही असेल.